गल्लीखालची मेंढरं

दुपारी दोन ते साडेतीन या वेळात धोंडाबाईला काही विचारायचं नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. विचारलं तर ती उत्तर द्यायची, पण झोपेतून द्यायची. खानावळीच्या दारातल्या लाकडी खांबाला पाठ टेकून, पाय लांब सोडून, डोळे अर्धे उघडे ठेवून ती झोपायची. एखादं नवखं गिऱ्हाईक यायचं, "मटण आहे का?" म्हणायचं. ती शांतपणे सांगायची, "वढ्याच्या पल्याड गेलीत. येतील." गिऱ्हाईक माझ्याकडं बघायचं. मी समोरच्या ओट्यावर पेपर घेऊन बसलेलो असायचो. मी सांगायचो, "साडेतीनला या हो. आत्ता बाई मेंढरांमागं आहेत."

ती मूळची शिरड शहापूरकडची, मेंढरंवाल्या घरातली. नवरा गेल्यावर वाट्याची मेंढरं दिराकडं ठेवून ती हिंगोलीत आली आणि आमच्या गल्लीच्या उताराच्या टोकाला दोन खोल्यांत तिनं खानावळ टाकली. बुधवारी आणि रविवारी मटण, बाकीचे दिवस पिठलं, वांगं, ठेचा, ज्वारीची भाकरी. मी तिथल्याच एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. बायको गेली, मुलगी पुण्याला गेली आणि मला साधं वरणसुद्धा धड जमत नाही, म्हणून माझं दोन्ही वेळचं जेवण धोंडाबाईकडं. ती मला सर म्हणायची. गल्लीतले बाकीचे लोकही सरच म्हणायचे, पण त्यांच्या 'सर'मध्ये थोडा कंटाळा असायचा. मी फार समजावून सांगतो, असं लोकांचं म्हणणं आहे.

उंच, सडपातळ बाई. शहरात इतकी वर्षं राहूनही चालताना उजवी मूठ वळलेली, अजून काठी हातात असावी तशी. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की ती तोंडानं 'हुर्र' करून त्यांना आत सरकवायची आणि चांगले नोकरदार लोक निमूट सरकायचे. माणसं मोजत नसे. पंगतीवर एक नजर फिरवायची आणि म्हणायची, "एक कमी हाय." खरोखर एकजण बाहेर फोनवर बोलत असायचा. मी एकदा विचारलं, न मोजता कळतं कसं? म्हणाली, "मोजायला लागलं की हुकतंय सर. नुस्तं बगायचं." आणि तिचं नेहमीचं एक होतं, "माणसाला डोळे म्होरं दिलेत, त्याला बाजूचं दिसत न्हाई. मेंढरू बाजूनं बगतंय." हे ती कुठंही म्हणायची. लग्नात म्हणायची, मयतीतही म्हणायची.

आता गटाराचं सांगतो. पूर्वी आमच्या गल्लीत उघडी नाली होती. कोणाच्या घरी काय शिजलं ते नालीत दिसायचं, आणि तुंबली की सगळ्यांदेखत तुंबायची. मग रस्ता खोदून खालून पाईप टाकले, वर सिमेंट झालं, मधे मधे लोखंडी झाकणं बसली. लोकांना वाटलं, सुटलो. मोरीत ओतलं की गेलं. कुठं गेलं, हे कोणी विचारेना. मी विज्ञानाचा मास्तर, मीही विचारलं नाही.

वर्षभरात मोऱ्या तुंबायला लागल्या. फोडणीचं तेल, तळणीचं तेल, तूप, मटणाची चरबी, सगळं त्या पाईपात. लोक माझ्याकडं आले. मला तर तेच हवं होतं. आमच्या कोपऱ्यावर एक फळा आहे, नळाला पाणी कधी येणार ते त्यावर लिहितात. त्यावर मी खडूनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: रोजची भांडी झाल्यावर एक पातेलं उकळतं पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा मोरीत ओतावा. उष्णतेनं चरबी वितळते, सोड्यानं सुटते. सगळ्यांनी केलं. मोऱ्या भडाभड वाहायला लागल्या. बाया मला रस्त्यात थांबवून कौतुक करायच्या. धोंडाबाई तर डेगच्या डेग उकळत्या पाण्यानं धुवायची आणि प्रत्येकाला सांगायची, "सरांनी सांगितलंय."

गरम पाणी पुढं जाऊन गार होतं. हे मी दरवर्षी पोरांना शिकवत होतो. पण माझ्या अकलेला त्या दिवसांत सुट्टी होती. मोरीतून वितळून गेलेली चरबी वीस-पंचवीस पावलांवर पाईपात पुन्हा थिजत होती, थरावर थर. थंडीचे दिवस आले आणि खानावळीच्या पुढं, पाईप जिथं वळतो तिथलं झाकण एका सकाळी वर उचललं गेलं. काळं पाणी रस्त्याभर झालं. दोन दिवस तसंच.

तिसऱ्या दिवशी ठेकेदारानं आनंदाला पाठवलं. आनंदा म्हणजे पस्तिशीचा, किडकिडीत, गुणगुणत काम करणारा माणूस. गटारात माणूस उतरवायला कायद्यानं बंदी आहे, हे मला माहीत होतं. पण मशीन दुसऱ्या गावी गेलीय, पाचच मिनिटांचं काम आहे, असं ठेकेदाराचा माणूस म्हणाला आणि आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून बघत उभे राहिलो. मीसुद्धा. आनंदानं कमरेला दोर बांधला, उतरला. आतून बादलीत भरून देऊ लागला ते पांढरे गोळे होते, खोबऱ्याच्या वाटीएवढे. चार-पाच बादल्या आल्या. मग हाक दिली तर ओ येईना.

दोर ओढून त्याला वर काढलं. आमच्याच गल्लीतल्या सुषमाताई, सिव्हिलमध्ये नर्स आहेत, डबल ड्यूटी करून घरी येत होत्या. पर्स तिथंच टाकून त्या खाली बसल्या, त्याला मोकळं केलं, छाती दाबायला लागल्या. बऱ्याच वेळानं तो खोकला. धोंडाबाईनं त्याला आपल्या ओट्यावर घेतलं आणि पाण्याच्या घागरी आणून स्वतःच्या हातानं त्याचं अंग धुवायला लागली. धुता धुता थांबली. आपला तळहात नाकाशी नेला.

"सर, ह्ये माझं हाय," ती म्हणाली.

मला कळेना.

"दगडफूल हाय ह्यात. माझंच कालवन हाय ह्ये. ह्याच्या अंगावर."

तिच्या मटणात दगडफूल जरा जास्तच पडायचं. गल्लीत तो वास दुसऱ्या कोणाच्या घराला नव्हता. चरबी तिची होती, पण ती वितळवून इथवर आणून सोडली होती माझ्या उकळत्या पाण्यानं. संध्याकाळी जाऊन मी फळा पुसला.

आनंदा चार दिवसांनी दवाखान्यातून सुटून आला तेव्हा तिनं त्याला जेवायला बसवलं. "आनंदा, आमच्या खरकट्यापायी तू पुन्यांदा खाली उतरायचा न्हाईस," ती म्हणाली.

तो हसला. "मावशे, मी न्हाई उतरलो तर दुसरं कोन तरी उतरंल."

"कोनबी न्हाई उतरायचं. म्या बगते."

मला तिनं कधीच दोष दिला नाही. फक्त एकदा वाढता वाढता विचारलं, "सर, पानी लांब जाऊन गार होतंय, ह्ये तुमच्या पुस्तकात हाय का न्हाई?" मी म्हणालो, आहे. ती म्हणाली, "मंग बराबर." आणि वर आणखी एक भाकरी वाढली. असलं ऐकून घेण्यापेक्षा शिव्या बऱ्या.

त्याच आठवड्यात तिला स्वप्न पडलं. सकाळी चुलीपाशी बसून तिनं ते मला सांगितलं. आमच्या रस्त्याखालून मेंढरं चालली होती. पांढरीधोट, डोळे मिटलेली, अंधारात, एकामागं एक. आवाज नाही, घंटी नाही. "आन् त्या वळनापाशी पैलं मेंढरू अडलं," ती म्हणाली. "एक अडलं की समदी अडत्यात सर. मागली ढकलत्यात, म्होरली हालत न्हाईत. म्या वरून हाका मारून राहिले, पन त्यांना बाजूचं दिसतच नव्हतं." मी तिला थिजणं, घनता, उतार असं काहीतरी आकृती काढून सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं. आजही मला तो पाईप तिच्या स्वप्नातलाच दिसतो, माझ्या आकृतीतला नाही.

मग तिनं कामाची रीत बदलली. गरम पाणी बंद. मटणाची डेग, पातेली तशीच गार होऊ द्यायची. कडेला चरबीचं कडं धरलं की करवंटीनं खरवडून डब्यात. तो डबा तिचा पुतण्या गावाकडं न्यायचा, वहाणांना, गाडीच्या आखाला लावायला. पण फोडणीचं तेल थिजत नाही. त्याला काय करायचं, यावर मी राख सुचवली, भुसा सुचवला. तिनं गावाकडून लोकरीचं पोतं मागवलं. हल्ली आपल्याकडच्या जाड्याभरड्या लोकरीला कोणी विचारत नाही. मेंढरं कातरली की लोकर बांधावर पडून राहते, वाऱ्यावर उडते. त्या लोकरीचा मुठीएवढा गोळा करून तिनं पातेल्यात फिरवला आणि तेल त्यात गेलं. पातेलं कोरडं. मी बोटानं बघितलं. चिकटसुद्धा नाही.

"मेंढराच्या अंगातच तेल असतंय," ती म्हणाली. "तेलाला तेल वळखतंय."

विज्ञानाच्या दृष्टीनं हे वाक्य अगदीच चुकीचं नाही. वापरलेली लोकर परत गावी उकिरड्यात पुरायला जायची. खानावळीच्या मागच्या खोलीत लोकरीची पोती रचलेली असत आणि दुपारी दार उघडं राहिलं की तिचे तंतू उन्हात तरंगत बाहेर यायचे. खांबाला टेकून झोपलेल्या धोंडाबाईच्या डोक्यावर, खांद्यावर बसायचे. मी पेपर बाजूला ठेवून ते नुसतं बघत बसायचो. त्या दीड तासात आमच्या गल्लीत काहीच घडत नसे आणि मला तेच आवडायचं.

गिऱ्हाइकांसाठी वेगळा नियम निघाला. जेवण झालं की पाव भाकरी फुकट. त्या भाकरीनं ताट-वाटी पुसून खायची आणि मगच उठायचं. एक बदलून आलेले साहेब होते, इस्त्रीतले. तर्रीनं भरलेली वाटी तशीच ठेवून ते उठले. धोंडाबाई भाकरीचा तुकडा घेऊन समोर उभी.

"साहेब, ताट वलं हाय."

"मग धुवा की."

"धुते. पन आदी पुसून द्या."

"अहो, मी पैसे दिलेत."

"पैशे कालवनाचे दिले. ह्ये ऱ्हायलेलं तेल कुनाच्या अंगावर घालू, त्ये सांगा."

खानावळीत सगळ्यांचं चावणं थांबलं. साहेबांनी इकडंतिकडं बघितलं, खाली बसले आणि वाटी पुसली. पुढं ते दर रविवारी यायला लागले आणि तुकडा मागून घ्यायचे. मला ते साहेब शेवटपर्यंत आवडले नाहीत, पण वाटी मात्र लख्ख पुसायचे.

आखाडातल्या शेवटच्या रविवारी तिची झोप बंद. वर्षातून ती एकच दुपार. श्रावण लागायच्या आत घरोघरी मटण शिजायचं आणि धोंडाबाई डोक्यावर लोकरीचं पोतं घेऊन घरोघरी फिरायची. बाया चेष्टा करायच्या, "धोंडाबाई, आमच्या मोरीचं बाळंतपण करायला आलात काय?" ती म्हणायची, "व्हय, अडलेली बाळंतीण हाय ती." किराणा दुकानवाल्यांच्या काकू कडक सोवळ्याच्या. त्या दारातूनच म्हणाल्या, "आमच्याकडं मटण नसतं बाई. आणि मेंढराचं काही आत नको."

"मटन न्हाई, तर भज्याचं तेल कुटं जातंय?" धोंडाबाई म्हणाली. "आन् तुमी पूजेला बसता त्ये आसन कशाचं हाय?"

काकूंचं आसन लोकरीचं होतं. लोकरीला विटाळ नाही, हे काकूच सगळ्यांना सांगायच्या. त्यांनी हात पुढं केला. माझं हसू फुटलं ते काकूंनी पाहिलं आणि दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

असं बरीच वर्षं चाललं. महिन्यातून एकदा आनंदा लोखंडी आकडा घेऊन यायचा, वळणावरचं झाकण उचलायचा आणि वाकून बघायचा. धोंडाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उठायची. "मावशे, वाहून राहिलं," तो वाकूनच सांगायचा. मग ती परत भाकरीला बसायची. त्याचं ताट त्या दिवशी तिच्याकडंच असायचं. एवढंच. गटार तुंबलं नाही म्हणून कोणाचा सत्कार होत नाही, आणि झाला असता तर ती गेलीही नसती.

पुढं पुढं तिची झोप लांबायला लागली. साडेतीनच्या चार, चारच्या पाच. जागी झाली तरी अर्धी तिकडंच असायची. कालवणात दोनदा मीठ पडायला लागलं. एकदा पंगतीवर नजर फिरवून म्हणाली, "एक कमी हाय," आणि सगळे होते. आम्ही सगळ्यांनी दारात जाऊन शोधल्यासारखं केलं. शेवटी पुतण्या न्यायला आला. जाताना तिनं माझा हात धरला. "सर, आता तुमी बगा." मी म्हणालो, बघतो. किती सहज म्हणालो.

खानावळीच्या जागी तळलेली कोंबडी आणि चायनीजची गाडी आली. मी मालकाला दोनदा जाऊन समजावलं. तो फार आदबीचा. "हां सर, बिलकुल सर," म्हणायचा आणि मी वळलो की कढईतलं तेल गरम पाण्याबरोबर मोरीत. गल्लीतल्या बायकांनी काही दिवस लोकर वापरली, मग पोती संपली. नवी मागवायची ती मी. पुतण्याला एक फोन करायचा होता. आज करू, उद्या करू. मग गुडघा दुखायला लागला, मग मी मुलीकडं पुण्याला गेलो आणि दीड महिना राहिलो.

तिथं सुषमाताईंचा फोन आला. "जयभीम सर. वळणावरचं तुंबलं होतं. ठेकेदारानं पुन्हा आनंदाला उतरवलं. आयसीयूत आहे. मी ड्यूटीवर होते, नाहीतर उतरूच दिला नसता."

मी आलो तोवर आनंदा घरी गेला होता. जगला, पण दम लागतो, चार पावलं चालवत नाही, असं सुषमाताईंनी सांगितलं. त्याचं घर माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. मी तीन दिवस चप्पल घालायचो आणि काढायचो. चौथ्या दिवशी बसमध्ये बसलो आणि शिरड शहापूरला गेलो. धोंडाबाईला आता काही आठवत नाही, असं गल्लीत ऐकलं होतं. खरं सांगतो, म्हणूनच गेलो. सगळं विसरलेल्या माणसाकडं जाणं सोपं असतं.

गावाबाहेर शेताच्या कडेला लिंबाखाली बाज टाकलेली होती. ती तिच्यावर बसलेली, गुडघ्यांवर घोंगडी, तोंडावर दुपारचं ऊन हलत होतं. मला बघून म्हणाली, "या दादा. कोकरं बगायला आले का?" मी हो म्हणालो. दोन तास आम्ही कोकरांबद्दल बोललो. मधेच ती ओढ्याबद्दल बोलायची, मधेच नवऱ्याबद्दल, तो जिवंत असल्यासारखं. मला फार बरं वाटत होतं. इतकं शांत मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. असंच बसावं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जावं, असं मनात होतं.

मग काही एक विषय नसताना तिनं विचारलं, "गटारात कोन उतरलं तर न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. "कोणी नाही उतरलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे पूर्ण उघडे होते.

"सर," ती म्हणाली. दोन तासांत पहिल्यांदा तिनं मला ओळखलं. "आनंदा जगला काय?"

"जगला. घरी आहे. दम लागतो त्याला."

"भेटून आले?"

मी मान हलवली. नाही.

"मंग हितं काहून बसून राहिले तुमी?" आवाज चढलेला नव्हता. पंगतीत वाढताना बोलायची तसाच होता. "उठा. त्याच्याकडं जा."

आणि तिनं घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली, कूस बदलली. पुतण्याची बायको चहा घेऊन येत होती. मी तिला हातानंच नको म्हणालो आणि चालायला लागलो. रस्त्याला लागल्यावर मागं वळून बघितलं. घोंगडीची कड थोडी वर उचललेली होती, आणि मी खरंच निघालो की नाही, ते ती खालून बघत होती.